यादीत नाव लागलं, पुढे काय? लिव्हरची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव लिव्हर प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत लागलं, त्या दिवशी आम्ही देवापुढे साखर ठेवली. आता नंबर लागलाय, पाळी येईल, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. रेशनच्या दुकानासारखी रांग असते, पुढचा सरकला की आपण एक पाऊल पुढे, हीच समजूत. आठ आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी संगणकात पाहून सांगितलं, "ताईंचा स्कोअर पंधरा आहे, अजून घाई नाही." ताईचं पोट तेव्हा पाण्यानं तट्ट फुगलं होतं आणि दुपारी बोलताबोलता तिला गुंगी येत होती. पंधरा हा आकडा नाव नोंदवलेल्या दिवसाच्या रक्ततपासणीचा होता. त्यानंतर कराडच्या लॅबमध्ये केलेले तीन रिपोर्ट माझ्या पिशवीत होते. रुग्णालयानं ते मागितले नव्हते, आम्ही दिले नव्हते. मधल्या काळात त्या रुग्णालयाला एक लिव्हर मिळून गेलं होतं. ते ताईला मिळालं असतं असं मी म्हणत नाही. पण तिचा विचारच झाला नाही, आणि त्याचं कारण माझ्या पिशवीत होतं.

ताईला अकराव्या महिन्यात लिव्हर मिळालं. त्या अकरा महिन्यांत जे शिकलो ते इथे पायरीपायरीनं लिहिते आहे. महाराष्ट्रातल्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, कारण मला तोच अनुभव आहे.

आधी हे समजून घ्या: ही रांग नाही

लिव्हरच्या यादीत "जो आधी आला तो पुढे" हा मुख्य नियम नसतो. ज्याचा जीव जास्त धोक्यात तो पुढे, हे तत्त्व जगभर मानलं जातं. धोका मोजण्यासाठी मेल्ड नावाचा स्कोअर वापरतात. तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तयार झाला आणि फेब्रुवारी २००२ पासून तिथली लिव्हर त्यानुसार वाटली जाऊ लागली. त्याआधी डॉक्टरांचा अंदाज आणि यादीत काढलेले दिवस यांना फार वजन होतं, त्यामुळे लवकर नाव लावलेला बरा रुग्ण पुढे आणि मरणाच्या दारातला मागे, असं घडायचं.

मेल्डमध्ये तीनच गोष्टी आहेत: बिलिरुबिन (कावीळ किती), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालली आहेत). पुढे सोडियमही जोडलं गेलं. स्कोअर ६ ते ४० असा असतो. रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या एका गाजलेल्या अभ्यासात तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण असं दिसलं: स्कोअर १० ते १९ असताना सुमारे ६ टक्के, २० ते २९ असताना सुमारे २० टक्के, ३० ते ३९ असताना पन्नास टक्क्यांहून थोडं जास्त, आणि ४० ला सत्तरीच्या पुढे. म्हणजे १९ वरून २५ वर जाणं हा नुसता सहा आकड्यांचा फरक नाही.

ताईचेच आकडे घेते. बिलिरुबिन ४, आयएनआर २, क्रिएटिनिन १. मूळ मेल्ड येतो १९. पण तिचं सोडियम १२८ होतं, आणि ते धरलं की स्कोअर २५ च्या आसपास जातो. त्याच दिवशी काढलेलं, त्याच बाईचं रक्त. त्यामुळे तुमच्या रुग्णालयात कोणता मेल्ड वापरतात, सोडियम धरतात की नाही, हा पहिला प्रश्न विचारा. मोबाइलवर मेल्ड काढायची साधनं मोफत मिळतात. रिपोर्ट हातात आला की स्वतः काढून बघा आणि वहीत तारखेसह लिहा.

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पेल्ड नावाचा वेगळा स्कोअर असतो. आणि ज्यांचं चांगलं लिव्हर काही दिवसांत अचानक निकामी होतं (हिपॅटायटिसनं, औषधानं, उंदराच्या विषातल्या फॉस्फरसनं), त्यांना अतितातडीच्या गटात घालतात, ते सगळ्यांच्या पुढे जातात. असा रुग्ण घरात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता प्रत्यारोपण होणाऱ्या रुग्णालयात हलवा. तिथे तास मोजावे लागतात.

केव्हा जायचं

उशीर बहुतेक वेळा इथेच होतो. सिऱ्होसिसच्या (लिव्हर कायमचं कडक, व्रणांचं होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शौच झाली, गुंगी येऊ लागली, किंवा मेल्ड १५ झाला, यांतलं काहीही एक घडलं की प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात एकदा दाखवून यायचं. दाखवणं म्हणजे शस्त्रक्रिया ठरवणं नव्हे. १५ च्या खाली शस्त्रक्रियेचा धोका साधारणपणे आजाराच्या धोक्यापेक्षा जास्त असतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील. पण फाइल तयार होते, आणि तेच महत्त्वाचं आहे. आमच्या गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षं पाणी काढलं आणि प्रेमानं काढलं, पण "एकदा पुण्याला दाखवा" हे वाक्य आम्ही ऐकलं ते पाचव्या वेळी पाणी काढताना.

दारूमुळे लिव्हर गेलेल्या रुग्णांच्या घरचे लाजेनं येत नाहीत. कृपा करून या. बरीच केंद्रं सहा महिने दारू बंद असल्याशिवाय नाव लावत नाहीत. हा सहा महिन्यांचा आकडा वैद्यकीयदृष्ट्या पक्का नाही. २०११ साली फ्रान्स-बेल्जियममधल्या अभ्यासात गंभीर रुग्णांना, नीट निवड करून, न थांबता प्रत्यारोपण केलं आणि त्यातले बहुतेक जगले. पण तुमच्या केंद्राचा नियम जो आहे तो आहे, म्हणून बंद केल्याची तारीख आजच लिहून ठेवा, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचे कागद जपा (पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या केंद्रात), आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. रक्ताच्या तपासणीत ते कळतं, आणि मग विश्वास जातो तो परत येत नाही.

रुग्णालय निवडताना

महाराष्ट्रात मरणोत्तर अवयवांचं वाटप चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होतं: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यांना सगळे झेडटीसीसी म्हणतात. त्यांच्यावर मुंबईत केईएम रुग्णालयातलं रोटो-सोटो (प्रादेशिक आणि राज्य पातळीचं कार्यालय) आणि त्याच्याही वर दिल्लीतलं नोटो (देशपातळीवरची संस्था). तुम्ही झेडटीसीसीकडे थेट नाव लावू शकत नाही, रुग्णालय लावतं. म्हणून रुग्णालयाची निवड ही खरी निवड.

लिव्हर कुठे जातं याचा सर्वसाधारण क्रम असा: अतितातडीचा रुग्ण असेल तर तो आधी. मग ज्या रुग्णालयात दाता होता आणि तिथे लिव्हर प्रत्यारोपणाची सोय आहे, त्या रुग्णालयाची यादी. मग विभागातली इतर रुग्णालयं, मग राज्यातले इतर विभाग, मग बाहेर. परदेशी नागरिक सगळ्यांत शेवटी. दात्याच्या रुग्णालयाला पहिला मान मिळतो, कारण दाता ओळखणं, त्याला सांभाळणं, त्याच्या नातेवाइकांशी बोलणं हे काम त्या रुग्णालयानं केलेलं असतं. त्यामागचा हेतू मला पटतो. पण रुग्णाच्या बाजूनं बघितलं तर याचा अर्थ असा की अठरा स्कोअरचा माणूस एका रुग्णालयात लिव्हर मिळवतो आणि चार किलोमीटरवर तीस स्कोअरची बाई वाट पाहत राहते. हे योग्य आहे असं मला वाटत नाही. नियम बदलेपर्यंत मात्र तो समजून घेऊनच रुग्णालय निवडावं लागतं.

म्हणून रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना (सगळे त्यांना कोऑर्डिनेटर मॅडम, कोऑर्डिनेटर सर म्हणतात) हे सरळ विचारा. गेल्या वर्षी तुमच्याकडे मरणोत्तर दात्याची किती लिव्हर बसवली आणि जिवंत दात्याची (म्हणजे घरच्या माणसानं आपल्या लिव्हरचा भाग दिलेली) किती? आमच्या रक्तगटाचे किती जण यादीत आहेत? तुमच्या यादीतून कोणाला बोलवायचं हे स्कोअरवर ठरतं, नोंदणीच्या तारखेवर, की दोन्हीवर? विभागाचा सध्याचा लेखी नियम दाखवाल का? वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण तुमचं किती? चांगल्या केंद्रांत ते ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असतं. यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. आम्ही दोन केंद्रांत विचारले, दोन्हीकडे नीट उत्तरं मिळाली.

एक रुग्णालय जिवंत दात्याच्या शंभर शस्त्रक्रिया करत असेल आणि मरणोत्तर तीन, तर ज्या घरात जिवंत दाता नाही त्यांच्यासाठी त्या शंभराला काही अर्थ नाही. देशाचं चित्रही तसंच आहे. २०२३ साली भारतात सुमारे ४५०० लिव्हर प्रत्यारोपणं झाली, पण मरणोत्तर दाते सगळ्या देशात मिळून ११०० च्या आसपास होते. बाकीची लिव्हर घरातल्या माणसांनी दिली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं रहिवासी असण्याची अट काढून टाकायला सांगितली, ६५ वर्षांची वयोमर्यादाही काढली. त्यामुळे साताऱ्याचा माणूस हैदराबादला किंवा चेन्नईलाही नाव लावू शकतो. तेलंगण आणि तमिळनाडूत दाते महाराष्ट्रापेक्षा जास्त मिळतात हे खरं. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स कॅलिफोर्नियात राहायचे, पण २००९ साली त्यांना लिव्हर मिळालं ते टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये, कारण तिथे वाट कमी पाहावी लागायची. पुढे अमेरिकेनं २०२० पासून विभागांच्या सीमा सोडून दात्याच्या रुग्णालयापासूनचं अंतर धरायला सुरुवात केली. पण आपण लांबचं केंद्र निवडताना जॉब्सकडे विमान होतं हे विसरू नये. लिव्हर बर्फात साधारण आठ ते बारा तास टिकतं. फोन आल्यावर तुम्ही किती तासांत पोचाल, तिथे महिनोन्‌महिने घरभाडं भराल का, गुंगी आलेल्या रुग्णाला मराठीतून "बाई, तुमचं नाव सांगा" असं विचारणारं कोणी असेल का, हे सगळं मोजा. आम्ही पुणं निवडलं आणि शेवटचे चार महिने ताईला कोथरूडला आत्तेबहिणीकडे ठेवलं. कराडहून तीन-चार तास लागतात, आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो.

नाव नोंदवताना

तपासण्यांची मोठी माळ असते: रक्तगट, सीटी स्कॅन, हृदयाचा टू-डी इको, फुप्फुसं, एंडोस्कोपी, विषाणूंच्या तपासण्या, दात, बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. आठवडा ते दहा दिवस धरा. आधार, पॅन, फोटो, जुने रिपोर्ट यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. नोंदणी झाली की नोटोचा एक ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि नोंदणीची तारीख लेखी मागून घ्या. "झालंय, काळजी करू नका" यावर थांबू नका. शस्त्रक्रियेच्या ठेवीचे पैसे भरले नाहीत म्हणून नाव प्रत्यक्षात पुढे गेलंच नाही, असं आम्हाला वॉर्डात भेटलेल्या एका कुटुंबाच्या बाबतीत दोन महिन्यांनी कळलं.

नोंदणीसाठी राज्यांनी शुल्क घेऊ नये असंही केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कळवलं आहे. कोणी मागितलं तर कशासाठी ते विचारा आणि पावती घ्या.

नाव एकाच रुग्णालयात लावता येतं. बदलायचं असेल तर बदलता येतं, पण आधी विचारा की जुनी तारीख धरली जाईल की नव्यानं सुरुवात होईल.

यादीत नाव "चालू" आणि "तात्पुरतं थांबवलेलं" अशा दोन अवस्थांत असतं. ताप, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया झाला की थांबवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण संसर्ग असताना शस्त्रक्रिया केली तर रुग्ण हाती लागत नाही. पण बरा झाल्यावर पुन्हा चालू करायचं राहून जाऊ शकतं. दवाखान्यातून घरी सोडताना हा एक प्रश्न विचाराच: "नाव परत चालू केलं का?"

आकडे ताजे ठेवा

या सगळ्या लेखातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच.

अमेरिकेत नियम आहे: स्कोअर २५ किंवा जास्त असेल तर दर आठवड्याला नवे रिपोर्ट, १९ ते २४ असेल तर महिन्याला, ११ ते १८ असेल तर तीन महिन्यांनी. वेळेत दिले नाहीत तर स्कोअर खाली उतरवतात. आपल्याकडे प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी, पण हे वेळापत्रक घरच्या भिंतीवर लावायला उत्तम आहे. आम्ही कालनिर्णयवर लाल पेनानं खुणा केल्या.

पद्धत अशी ठेवा. रक्त शक्यतो एकाच, मान्यताप्राप्त लॅबमध्ये द्या, कारण आयएनआर लॅबनुसार थोडा बदलतो. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम आणि अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते रक्तातलं प्रथिन) एकाच दिवशी करा. रिपोर्टची पीडीएफ समन्वयकांना त्याच दिवशी पाठवा, सोबत एक ओळ: रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, पाच आकडे. मग दोन दिवसांनी फोन: "मॅडम, नोंद झाली का? आता स्कोअर किती दिसतोय?" मला सुरुवातीला संकोच वाटायचा, एवढ्या कामाच्या माणसांना सारखं काय विचारायचं. मग त्या मॅडमच म्हणाल्या, "तुम्ही विचारता म्हणून माझ्या लक्षात राहतं. माझ्याकडे सत्तर नावं आहेत."

रुग्णालयात दाखल झालात, डायलिसिस लागलं, पोटातलं पाणी पिकलं (त्यात जंतुसंसर्ग झाला), रक्तस्राव झाला, की त्याच दिवशी कळवा. दुसऱ्याच दवाखान्यात दाखल असाल तर जास्तच. एका आठवड्यात दोनदा डायलिसिस झालं की मेल्डमध्ये क्रिएटिनिन सर्वांत वरच्या पातळीचं धरलं जातं, स्कोअर झपकन वर जातो.

आणि स्कोअर फुगवून दाखवा, असं डॉक्टरांना कधीही सुचवू नका. जर्मनीत २०१२ साली ग्योटिंगेनच्या रुग्णालयात रुग्णांचे आकडे खोटे दाखवल्याचं उघड झालं. न झालेलं डायलिसिस झालं म्हणून कळवलं होतं. त्यानंतर तिथल्या लोकांचा विश्वास इतका उडाला की अवयवदानच घटलं, आणि भोगलं ते यादीतल्या सगळ्यांनी. वर खोटे सरकलेल्या प्रत्येक नावामागे खाली ढकललेलं एक खरं नाव असतं.

स्कोअर ज्यांना ओळखत नाही

मेल्ड प्रामाणिक आहे पण त्याला सगळं दिसत नाही.

बायकांचं उदाहरण घ्या. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. किरकोळ अंगाच्या बाईचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असूनही तिचा आकडा कमी दिसतो. पन्नाशीच्या बाईचं क्रिएटिनिन १ आणि त्याच वयाच्या पुरुषाचं १.३ असेल तर दोघांची मूत्रपिंडं साधारण सारखीच चालत असतात. पण बाकी सगळे आकडे तेच धरले तर ताईचा मेल्ड १९ आणि त्या पुरुषाचा २२. वर मोठं लिव्हर लहान पोटात बसत नाही, म्हणून बुटक्या बाईला आलेलं लिव्हरही हातचं जातं. अमेरिकेनं २०२३ पासून मेल्ड ३.० वापरायला घेतला, त्यात बायकांना १.३३ गुण जास्त मिळतात आणि अल्ब्युमिनही मोजलं जातं. आपल्याकडे नोटोनं ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यांना कळवलं की प्रतीक्षायादीतल्या महिलांना, आणि ज्यांच्या घरून आधी मरणोत्तर अवयवदान झालं आहे त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना, प्राधान्य द्यावं. तुमचा रुग्ण बाई असेल तर डॉक्टरांना मेल्ड ३.० काढायला सांगा आणि तो फाइलवर लिहून घ्या. तुमच्या घरून कधी दान झालं असेल तर ते प्रमाणपत्र शोधून समन्वयकांकडे द्या.

लिव्हरचा कॅन्सर असलेल्यांचा मेल्ड बहुधा कमीच असतो, पण गाठ वाढत असते. त्यांच्यासाठी मिलान निकष वापरतात: एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत, आणि रक्तवाहिन्यांत किंवा बाहेर पसरलेला नको. या मर्यादेत असतानाच जादा गुण मिळतात. वाट पाहताना गाठ मर्यादेत ठेवण्यासाठी तिचा रक्तपुरवठा तोडण्याचे किंवा ती जाळण्याचे उपचार असतात, ते थांबवू नका. दर तीन महिन्यांचा स्कॅन चुकवू नका.

लिव्हरमुळे रक्तातला ऑक्सिजन कमी होणारे, वारंवार पित्तनलिकेचा संसर्ग होणारे, काही दुर्मीळ चयापचयाचे आजार असलेली मुलं, यांचाही स्कोअर खोटा कमी दिसतो. यांच्यासाठी डॉक्टर झेडटीसीसीला विशेष बाब म्हणून पत्र लिहू शकतात. पत्र आपोआप जात नाही. "आमच्या पेशंटला विशेष गुणांसाठी अर्ज करता येईल का?" हे विचारावं लागतं.

दुसरी वाट: घरातला दाता

नाव यादीत असतानाच जिवंत दात्याची तपासणी सुरू ठेवता येते, आणि ठेवावी. कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडंही. याबाहेरच्यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी अदलाबदलीनं दान करायची सोय कायद्यातच आहे. दाता साधारण १८ ते ५५ वयाचा, लिव्हरवर चरबी नसलेला लागतो. त्याच्याकडे किमान तीस-पस्तीस टक्के लिव्हर उरलं पाहिजे. ते काही महिन्यांत बरंचसं भरून येतं. दात्याच्या जिवाचा धोका लहान आहे, दोनशे ते हजारांत एक असा सांगतात, पण शून्य नाही, आणि ही गोष्ट त्याला एकट्याला बसवून सांगितली गेली पाहिजे.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे देणारी बहुतेक बाई असते आणि घेणारा बहुतेक पुरुष. वॉर्डात मी बायको, आई, बहीण दाता म्हणून पाहिल्या; बायकोसाठी पोट उघडलेला नवरा एकच पाहिला. ताईच्या वेळी भाऊजींचं लिव्हर चरबीमुळे नाकारलं गेलं, मुलगा सतरा वर्षांचा, आणि सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझा रक्तगट जुळला नाही. पण तपासणीआधीच्या त्या चार दिवसांत मला कोणीही "तुझी तयारी आहे का?" असं विचारलं नव्हतं. २०१४ च्या नियमांत बाई दाता असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कोणाकडून पडताळावी असं लिहिलं आहे. दात्याची इच्छा नसेल तर डॉक्टर "वैद्यकीय कारणानं चालत नाही" एवढंच घरच्यांना सांगतात, खरं कारण बाहेर येत नाही. घरातल्या प्रत्येक संभाव्य दात्याला हे माहीत असू द्या.

पैसे

खाजगी रुग्णालयात वीस ते तीस लाख, पुढे औषधांचा महिन्याचा खर्च वेगळा. पैशांअभावी बोलावणं नाकारणारी कुटुंबं असतात, आणि यादीतला सगळ्यांत मोठा अन्याय हाच आहे. म्हणून पैशांचं काम नाव लावल्याच्या आठवड्यातच सुरू करा, फोन आल्यावर नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांचे अर्ज रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून या रुग्णालयात काय मिळतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालय धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तो मिळायला दिवस लागतात.

वाट पाहताना शरीर टिकवणं

लिव्हर येईल त्या दिवशी रुग्ण ते पेलण्याइतका धट्टाकट्टा हवा. सर्वांत जास्त चुका जेवणात होतात. "लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद करा" असं शेजारीपाजारी सांगतात, आणि रुग्णाच्या दंडाची हाडं दिसायला लागतात. प्रथिनं बंद करायची नसतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात: डाळ, दही, पनीर, अंड्याचं पांढरं, सातू, शेंगदाण्याची चटणी. मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण बंद. रात्री झोपताना काहीतरी खायलाच हवं, कारण रिकाम्या पोटी रात्रभरात शरीर स्वतःचे स्नायू खातं. ताईसाठी आम्ही रोज रात्री नाचणीची खीर ठेवायचो. रोज चालणं, निदान अंगणातल्या अंगणात.

लॅक्ट्युलोज (पोट साफ ठेवून गुंगी टाळणारं पातळ औषध) दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकं. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, सही वेडीवाकडी येते, सोपी बेरीज चुकते, ही गुंगीची पहिली खूण. ताप किंवा पोटदुखी असेल तर पोटातल्या पाण्याची तपासणी त्याच दिवशी. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर अल्ब्युमिन चढवायला सांगा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत, मूत्रपिंड बसतं. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. आणि कोणताही काढा, चूर्ण, भस्म नको. गुळवेलसुद्धा. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवलं आहे.

फोन येतो तेव्हा

फोन रात्री येण्याची शक्यता जास्त. मेंदूमृत ठरवण्यासाठी चार डॉक्टरांना सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करावी लागते, मग नातेवाइकांची संमती, मग वाटप. त्यात रात्र होते. समन्वयकांकडे तीन नंबर द्या आणि तिन्ही फोन रात्री चालू ठेवा. पिशवी भरलेली असू दे: फाइल, आधार, विमा, औषधांची यादी, चार्जर, एक साडी. गाडीवाला ठरलेला असू दे. फोन आला की रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नका, आणि दोन गोष्टी सांगा: आज ताप आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का.

बोलावून परत पाठवलं जाऊ शकतं. दात्याचं लिव्हर उघडून पाहिल्यावर चरबीचं निघतं, किंवा तुम्हाला पर्यायी रुग्ण म्हणून बोलावलेलं असतं आणि पहिल्या रुग्णाला ते चालतं. ताईला आम्ही एकदा पहाटे साडेतीनला नेलं आणि दुपारी परत आणलं. ती गाडीत एवढंच म्हणाली, "कोणाला तरी मिळालं ना?" परत पाठवल्यामुळे तुमचं यादीतलं स्थान जात नाही.

शंका आली तर

यादीत काही चुकलंय असं वाटलं तर आधी समन्वयक, मग रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, मग झेडटीसीसी, मग रोटो-सोटो, सगळं लेखी आणि तारखेसह. नोटोचा मोफत क्रमांक १८००११४७७० आहे. स्वतःच्या रुग्णाची नोंदणीची तारीख, नोंदलेला स्कोअर आणि नाव कोणत्या दिवशी थांबवलं होतं, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या रुग्णाचं नाव किंवा दात्याची ओळख कोणी सांगणार नाही, आणि सांगूही नये.

वॉर्डाबाहेर चहाच्या टपरीवर "पाच लाखांत नंबर वर आणून देतो" म्हणणारा माणूस भेटला, तर तो तुम्हाला यादीत वर नेऊ शकत नाही, तुरुंगात मात्र नेऊ शकतो. अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड आहे, आणि त्यात पैसे देणाराही येतो. अशा माणसाचा नंबर घ्या आणि तो समन्वयकांकडे द्या.